पोराची कस्टडी आणि भेटीच्या तारखा : कोर्टात काय काय लिहून घ्यायचं

नवरा-बायको वेगळे झाले की वाडीतला प्रत्येक जण वकील होतो. "पाच वर्षांच्या आतलं पोर ना, मग आईकडेच जाणार." हे अर्धंच खरं आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6 साधारणपणे तसंच सांगतं, पण कलम 13 म्हणतं की मुलाचं हित सगळ्यात वर, त्यामुळे कोर्ट बघतं ते शाळा, तब्येत आणि रोज त्याचं कोण करतं ते. म्हणून फीच्या पावत्या, डॉक्टरची फाइल जपून ठेवा, एकमेकांची उणीदुणी काढलेले व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट त्यापुढे फारसे कामाचे नसतात.

1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा तर पोर नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात. म्हणजे बाप डोंबिवलीला आणि पोर कुडाळला आजोळी शाळेत जातंय तर केस ओरोसला, सिंधुदुर्गच्या जिल्हा कोर्टात. घटस्फोटाची केस आधीच चालू असेल तर तिथेच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज टाका, आणि निकालाची वाट बघत न बसता भेटीसाठी अंतरिम (निकालापर्यंतची तात्पुरती) ऑर्डर लगेच मागा. बाईमाणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

खरी भांडणं होतात ती नंतर, भेटीवरून. "महिन्यातून दोनदा भेट" एवढंच लिहून सही केलीत तर दर महिन्याला वाद ठरलेलाच. त्यापेक्षा असं लिहून घ्या: "वडील शनिवारी सकाळी 10 ला कुडाळ स्टेशनवर मुलीला घेतील, रविवारी संध्याकाळी 5 ला तिथेच परत आणून सोडतील, गाडी लेट असेल तर फोन करतील." गणपती यंदा कुणाकडे आणि पुढच्या वर्षी कुणाकडे, मे महिन्याची सुट्टी कुठल्या तारखेला अर्धी होते, शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा पोर कुठे, तिकिटाचे पैसे कोण देणार, सगळं लिहा. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या किती वेळात भरतात ते आपल्याला माहीतच आहे, त्यामुळे तारखा त्याच्या आधी पक्क्या हव्यात. व्हिडिओ कॉलची वेळही टाका, 2020 मध्ये यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच त्यावर भर दिलाय. (रेंज नसलेल्या वाडीत साधा फोन चालेल हेही लिहा बाबा.)

पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका, भेट मिळत नाही म्हणून पोटगीही थांबवू नका, दोन्हीसाठी वेगवेगळा अर्ज असतो. जज पोराला चेंबरमध्ये बोलावून विचारू शकतात, तेव्हा त्याला पढवून पाठवू नका, पढवलेलं पोर लगेच कळतं.

आणि कस्टडीची ऑर्डर कायमची नसते, पोर मोठं झालं, शाळा बदलली की बदल मागता येतो. हायकोर्टात जायची वेळ आली तर रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट 2025 पासून मुंबई नाही, कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबई हायकोर्टाचंच तिथे बसणारं कोर्ट. ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढून एक झेरॉक्स शाळेत देऊन ठेवा, पोराला न्यायला कोण येऊ शकतं ते हेडबाईंना कळलेलं बरं.