काडतूस भरणाऱ्याला सल्ला देताना

रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरून स्वतःचं काडतूस तयार करणं, म्हणजे रीलोडिंग. या छंदात नव्याने आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "अमक्या गोळीला तमकी पावडर किती ग्रेन घालू?" (पावडर म्हणजे पुंगळीत भरायची दारू, आणि ग्रेन हे पावडर आणि गोळी तोलायचं छोटं एकक.) त्यावर दोन प्रकारची उत्तरं येतात. एक जण आकडा सांगून मोकळा होतो. दुसरा म्हणतो, "एवढंही माहीत नसेल तर हा नाद सोड." मला दोन्ही उत्तरं धोक्याची वाटतात, आणि दुसरं जास्त. चुकीचा आकडा निदान सगळ्यांसमोर असतो, कुणीतरी तो दुरुस्त करतं. पण ज्याला हिडीसफिडीस केलं तो पुन्हा विचारत नाही, आणि मग त्याच्या बेंचवर काय चाललंय ते कुणालाच कळत नाही.

मी पेशाने फार्मसिस्ट आहे आणि बरीच वर्षं काडतुसंही भरते. सल्ला कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा याबद्दल मी नव्या मंडळींना जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते. हे सगळं जिथे कायदा रीलोडिंगला परवानगी देतो तिथल्या माणसांसाठी आहे. काही देशांत त्यासाठी वेगळा परवाना लागतो, काही ठिकाणी ते चालतच नाही. म्हणून "तुझ्याकडे याला परवानगी आहे ना?" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. तोही संशयाने नाही, काळजीने.

उत्तर देण्याआधी विचारा

समजा कुणी लिहिलं, "९ मिमी, ११५ ग्रेनची गोळी, किती पावडर?" या प्रश्नाला उत्तरच नाही. गोळी कुठल्या कंपनीची? तांब्याच्या आवरणाची की नुसत्या शिशाची? पावडरचं पूर्ण नाव काय? गोळी बसवल्यावर काडतुसाची एकूण लांबी किती येते? प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) कोणता, पुंगळी कोणाची, बंदूक कोणती? एवढे प्रश्न एकदम अंगावर टाकले तर नवख्याला पोलिसांनी चौकशी मांडल्यासारखं वाटतं. म्हणून प्रत्येक प्रश्नामागचं कारण सांगावं. उदाहरणार्थ: "लांबी विचारते कारण ९ मिमीच्या पुंगळीत जागाच कमी. गोळी थोडीशी जास्त खोल गेली की आतली जागा आणखी घटते आणि दाब भराभर वाढतो. म्हणून कॅलिपरने मोजून सांग." अशा उत्तरातून त्याला प्रश्नाची पद्धतही कळते. पुढच्या वेळी तो आपणहून लांबी लिहितो.

विचारणाऱ्यानेही थोडं करावं. कुठलं मॅन्युअल उघडलं, त्यात काय सापडलं, कुठे अडलं, हे तीन ओळींत लिहावं. "मी पुस्तक पाहिलं, पण माझ्याकडची गोळी त्यात नाही, सर्वांत जवळची कोणती धरू?" या प्रश्नाला कुणीही आनंदाने वेळ देतं.

आकडा देऊ नका, जागा दाखवा

माझा नियम पक्का आहे. लोडचा, म्हणजे काडतुसात किती पावडर भरायची त्याचा, आकडा आठवणीतून मी कुणालाही सांगत नाही, सख्ख्या मैत्रिणीलाही नाही. पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यात तो कुठे आहे ते सांगते. हे नाकारणं उद्धट वाटू नये म्हणून सोबत कारण द्यायचं आणि मदतही: "आकडा माझ्याकडून घेऊ नकोस, पावडर कंपनीचा तक्ता बघ, सुरुवातीच्या लोडपासून चढत ये. तक्ता वाचायला अडलं तर फोटो पाठव, आपण मिळून वाचू."

नावं अर्धवट घेणं ही या छंदातली जुनी खोड. "४३५० घाल," असं सहज म्हटलं जातं. पण हॉजडन एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांचे तक्ते एकमेकांना चालत नाहीत. ४८३१ चंही तसंच. उलट हॉजडन एच ११० आणि विंचेस्टर २९६ ही नावं वेगळी असली तरी पावडर एकच. हे नवख्याला कुठून कळणार? म्हणून प्रत्येक वेळी कंपनीसकट पूर्ण नाव लिहा, आणि दुसऱ्याने अर्धं लिहिलं तर "कोणती ४३५०?" एवढंच विचारा. टोमणा नको.

चांगल्या मनाने दिलेला सल्लाही कसा बाधतो याचं माझ्या डोक्यात कायम असलेलं उदाहरण एच ११० चंच आहे. "भीती वाटत असेल तर थोडी कमी भर, कमी भरून कुणाचं वाईट झालंय?" असं प्रेमाने सांगणारे पुष्कळ भेटतात. कमाल लोडपेक्षा साधारण १० टक्के खालून सुरुवात करा ही सवय बहुतेक पावडरींना लागू पडते. पण एच ११० छापील लोडपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका, अशी खुद्द कंपनीची सूचना राहिली आहे. ही पावडर कमी पडली तर नीट पेट घेत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. म्हणजे धीर देण्यासाठी बोललेलं वाक्य माणसाला नेमकं नको तिथे नेतं. सर्वसाधारण नियम सांगताना "तुझ्या पावडरला हा लागू आहे का ते तक्त्यात बघ" हे शेपूट जोडायलाच हवं.

लिहिण्याच्या बाबतीत माझा पेशा माझ्या कामी येतो. औषधाच्या चिठ्ठीवर ०.५ मधलं शून्य आम्ही कधी गाळत नाही, कारण नुसता ".५" लिहिला आणि टिंब पुसट झालं की वाचणाऱ्याला ५ दिसतात. काडतुसाच्या आकड्यांनाही तीच शिस्त हवी. तक्त्यातला आकडा उद्धृत करायची वेळ आलीच तर अंकात आणि मग अक्षरात लिहा: "५.२, पाच पूर्णांक दोन." काही देशांत टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात, हेही ध्यानात असू द्या. एकक प्रत्येक वेळी लिहा. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन असतात, आणि डिजिटल काट्यावर ग्रेनचं ग्रॅम व्हायला एक बटण चुकून दाबलं जाणं पुरतं. ज्याने सल्ला घेतला त्याने तो आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावा. "म्हणजे मी असं असं करणार, बरोबर?" औषधाच्या खिडकीवर मी रुग्णाकडून हेच करून घेते, आणि गैरसमज तिथेच सापडतात.

चूक दिसली तर

कुणी हौसेने बेंचचा फोटो टाकतो. लाकडी ट्रेमध्ये पन्नास पुंगळ्या ओळीने उभ्या, सगळ्यांत पावडर भरलेली, मागे पावडरीचे दोन डबे. जाणत्या माणसाची नजर लगेच दोन ठिकाणी जाते. एक, बेंचवर एका वेळी एकच पावडर असावी, दुसरा डबा कपाटात. दुसरं, तिसऱ्या ओळीतली एक पुंगळी शेजारणींपेक्षा वरपर्यंत भरलेली दिसते. पिस्तुलाच्या पुंगळीत बऱ्याच वेळा नेमलेली पावडर अर्ध्याहूनही कमी जागा घेते. त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी ती बाहेर सांडत नाही, मुकाट मावते.

अशा वेळी खासगीत सांगावं की सगळ्यांसमोर? धोका असेल तर सगळ्यांसमोर आणि ताबडतोब, कारण तोच फोटो पाहून दुसराही तसंच मांडेल. पण बोलायचं वस्तूबद्दल, माणसाबद्दल नाही. "तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथ्या पुंगळीतली पातळी वर दिसते. गोळी बसवण्याआधी ती पुन्हा तोलून बघतोस? आणि मागचा दुसरा डबा आत ठेवून दे, म्हणजे उरलेली पावडर ओतताना घोळ होणार नाही." यात "निष्काळजी" हा शब्द कुठेच नाही, तरी सांगायचं ते सगळं सांगून झालं. त्याची मांडणी सुबक असेल, पुंगळ्या लखलखीत असतील, तर तेही म्हणा. खरं असेल तेव्हाच म्हणा.

फोटो पाहून "दाब ठीक आहे" असा निर्वाळा मात्र कुणीच देऊ नये. चपटा झालेला प्रायमर, पुंगळीच्या बुडावर उमटलेली खूण, जड उघडणारा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) या खुणा बऱ्याच वेळा उशिरा दिसतात, आणि प्रायमर दुसऱ्या कारणांनीही चपटा होतो. आदराचं उत्तर हे: "फोटोवरून मला सांगता येणार नाही. बोल्ट उघडायला जड गेला का? गेला असेल तर हे लोड इथेच थांबव आणि खालच्या पायरीवर ये."

एका प्रसंगी मात्र सगळी गोड भाषा बाजूला ठेवायची. मैदानावरून कुणी विचारलं, "आत्ताचा बार फुसका वाटला, धक्काही कमी लागला, पुढचा मारू का?", तर नमस्कार-चमत्कार न करता लिहा: "थांब. पुढचा बार मारू नकोस. नळी सुरक्षित दिशेला धर, जरा वेळ थांबून बंदूक रिकामी कर, मग नळी आरपार मोकळी आहे का ते तपास." गोळी नळीत अडकलेली असेल आणि मागून दुसरी आली तर नळी फाटू शकते. इथे थोडक्यात लिहिणं हाच आदर आहे. पावडर का पडली नाही याची चर्चा संध्याकाळी करता येते.

वडीलधाऱ्यांशी आणि बायकांशी

"मी तीस वर्षं हेच भरतोय, काही झालं नाही." हे वाक्य म्हणणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. पण तो त्यांच्या बंदुकीचा, त्यांच्या पुंगळ्यांचा आणि त्या काळच्या पावडरीचा अनुभव असतो. पावडर लॉटगणिक थोडी बदलते आणि नव्या मॅन्युअलमध्ये काही लोडचे कमाल आकडे जुन्यापेक्षा खाली आलेले दिसतात. ज्येष्ठांना चारचौघांत खोटं पाडू नका. "काका, तुमचं पुस्तक कोणत्या सालचं? माझ्याकडच्या नव्या आवृत्तीत कमाल आकडा कमी दिलाय, नव्या मुलांसाठी तोच सांगूया का?" असं विचारलं की बहुतेक जण आपणच दुरुस्ती करतात, आणि त्यांच्या तोंडून आलेली दुरुस्ती मुलं जास्त मानतात.

प्रश्न विचारणारी बाई असेल तर तिला "घरच्यांना विचारा" असं सांगू नका. मला हे अनेकांनी सांगितलंय. काट्यावर वजन मी करते, उत्तर मलाच हवं असतं.

वारशाने आलेली काडतुसं

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याला सगळ्यात जास्त जपून उत्तर द्यावं लागतं. वडील गेले, कपाटात त्यांनी भरलेल्या काडतुसांच्या पेट्या सापडल्या, वर त्यांच्या हातची चिठ्ठी. मुलगा विचारतो, "वापरू का?" उत्तर "नको" असंच आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आत काय आहे याची खात्री नसताना झाडायचं नाही. चिठ्ठी त्याच पेटीची आहे की नंतर पेटी बदलली, हे सांगणारं माणूस आता नाही. पण "कचरा आहे, टाकून दे" असं लिहू नका. तो काडतुसांबद्दल विचारतोय, आणि वडिलांबद्दलही. मी साधारण असं लिहिते: "त्यांनी किती नीट नोंद ठेवली होती ते दिसतंय. तरी ही झाडू नकोस, कारण आतली पावडर ओळखायचा खात्रीचा मार्ग आपल्याकडे नाही. परवाना आणि कायद्याची बाजू आधी बघ, मग जाणत्या माणसाकडून ती उघडून घे. त्यातली पावडर पुन्हा वापरू नका. चिठ्ठ्या आणि वही मात्र जपून ठेव." नोंदी कशा ठेवाव्यात हे त्या वहीतून त्याला शिकता येतं, तेही सांगावं.

परत येऊन सांगा

सल्ला घेतलेल्याने निकाल कळवावा, चांगला असो की वाईट. किती बार, कोणती पुंगळी, क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेग किती, काही विचित्र जाणवलं का. "झालं, धन्यवाद" एवढ्याने पुढच्या वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आणि कुणी येऊन सांगितलं की काहीतरी बिघडलं, पुंगळी फाटली, वायू मागे आला, तर पहिलं उत्तर "डोळे, हात ठीक आहेत ना?" हेच असावं. मग उरलेलं काडतूस एकही न झाडता बाजूला काढायला सांगा. मग तपशील विचारा. तुमच्याच जुन्या उत्तरात चूक निघाली तर ते उत्तर पुसून टाकू नका. वर ठळक अक्षरांत तारखेसह दुरुस्ती लिहा, आणि ज्यांनी तेव्हा त्यावर आभार मानले होते त्या प्रत्येकाला वेगळं कळवा.