दाढीसाठी गुलाब, मोगरा की लव्हेंडर? फुलांचा सुगंध निवडण्याची रीत

नाशिकच्या मेन रोडवरील एखाद्या दुकानात दाढीचे साहित्य मागितले, तर काउंटरवर लिंबू, मेन्थॉल, चंदन आणि 'कूल' असे काहीबाही लिहिलेल्या ट्यूब येतात, गुलाबाची मागितली, तर "कोणासाठी हवी आहे?" असा प्रश्न येण्याचा संभव अधिक. फुलांचा वास म्हणजे बायकी, हा समज इतका अंगवळणी पडलेला आहे की ज्या पुरुषाला तो मनापासून आवडतो तोही वास न घेताच निळी ट्यूब उचलून बाहेर पडतो. तो सुगंध कशात घ्यावा, किती घ्यावा आणि चारचौघांत कसा वावरू द्यावा, याची रीत पुढे दिली आहे.

सुरुवात मनातील अढी काढण्यापासून करावी. ज्याला आपण सर्रास 'सलूनचा वास' म्हणतो, त्यात फुले पूर्वीपासूनच आहेत. पॅरिसच्या उबिगाँ या पेढीने 1882 मध्ये 'फुजेर रॉयाल' नावाचे परफ्यूम बाजारात आणले. त्यात लव्हेंडर, जिरेनियम, वाळलेल्या गवतासारखा वास देणारे कौमारिन आणि आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातकुळीतील ओकमॉस होते. पुढे दाढीच्या असंख्य साबणांनी आणि आफ्टरशेव्हनी हाच कित्ता गिरवला. लव्हेंडर हे फूलच आहे. जिरेनियमचे तेल पानांचे असले तरी त्यातील जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही द्रव्ये गुलाबाच्या तेलातही असतात, म्हणून त्याला पुदिन्याची छटा असलेला गुलाबाचा वास येतो. ओल्ड स्पाइस हे नाव तर 1937 मध्ये प्रथम स्त्रियांच्या प्रसाधनासाठी वापरले गेले आणि पुरुषांसाठीची मालिका 1938 मध्ये आली. तिच्या मसालेदार वासात कार्नेशनच्या फुलाची छटा आहे. 1966 च्या 'ओ सोवाज' या पुरुषांच्या परफ्यूममध्ये जाईच्या कुळातील गंध असलेले हेडिओन हे द्रव्य वापरलेले होते. लंडनमध्ये 1875 पासून चालत आलेल्या ट्रम्पर या केशकर्तनालयाच्या दाढीच्या क्रीममध्ये गुलाब आणि व्हायोलेट हे प्रकार उघड नावानिशी मिळतात. थोडक्यात, फूल तेच राहते. बाटलीचा रंग आणि जाहिरातीतील चेहरा मात्र बदलतो.

आपल्याकडे तर हा संकोच अलीकडचाच मानावा लागेल. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या स्नानाचे, उटण्यांचे आणि सुगंधांचे वर्णन येते, आणि ते राजाच्या दिनक्रमाचा भाग म्हणून येते. मुघल बादशहांची हातात फूल घेतलेली चित्रे सर्वपरिचित आहेत. लग्नात कानात अत्तराचा फाया खोचलेल्या आजोबांना कोणी बायकी म्हटल्याचे ऐकिवात नाही. ज्या शहराला मुघल अमदानीत गुलशनाबाद म्हणत, तेथील पुरुषाने गुलाबाच्या क्रीमला लाजावे, हे जरा गमतीचेच आहे.

अढी गेली की नाकाची तयारी करावी. ट्यूबवरील चित्रावरून वास ओळखता येत नाही, आणि कृत्रिम गुलाबावर वाढलेल्या नाकाला खरा गुलाब फिका वाटतो. त्यासाठी सकाळी गणेशवाडीच्या फूलबाजारात एक फेरी मारणे उत्तम. तेथे देठ लांब असलेला, पॉलिहाउसमधला डच गुलाब आणि पाकळ्या सुट्या होऊ लागलेला गावठी गुलाब शेजारीशेजारी धरून हुंगावा. डच गुलाब फुलदाणीत टिकावा म्हणून निपजवलेला असल्याने त्याला वास जवळजवळ नसतो. गावठी गुलाबात मात्र मध, किंचित लिंबू आणि मागून येणारी मिरीसारखी धार अशा तीन गोष्टी वेगळ्या ओळखू येतात. ही धार ज्या क्रीममध्ये सापडेल तो गुलाब दाढीसाठी चांगला. नुसता गोडवा असेल तर ते गुलकंद समजून सोडून द्यावे. मोगरा आणि निशिगंध हे दोन्ही वास दाट असतात आणि गरम पाण्याच्या वाफेत अधिकच चढतात, म्हणून नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये. लव्हेंडर किंवा जिरेनियमपासून आरंभ करून गुलाबाकडे, आणि मग हवेच असेल तर मोगऱ्याकडे, हा क्रम सोयीचा पडतो.

खरेदी करताना वेष्टनामागील बारीक अक्षरे वाचावीत. लिनालूल हे नाव लव्हेंडरसारख्या वासांत, जिरॅनिऑल व सिट्रोनेलॉल गुलाबाच्या वासांत आणि युजेनॉल लवंग व कार्नेशनच्या वासांत हमखास आढळते. ही द्रव्ये काही जणांच्या त्वचेला चालत नाहीत. युरोपीय संघाच्या नियमानुसार अशा द्रव्यांची नावे, धुऊन टाकायच्या वस्तूत त्यांचे प्रमाण 0.01 टक्क्यापेक्षा आणि अंगावर राहणाऱ्या वस्तूत 0.001 टक्क्यापेक्षा जास्त असल्यास, छापावीच लागतात. या दोन आकड्यांतील दहापटीचा फरक घरीही पाळण्यासारखा आहे: साबण आणि क्रीम यांच्या बाबतीत थोडी मोकळीक चालेल, आफ्टरशेव्हच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. जुना किंवा आयात केलेला माल असेल, तर ब्युटिलफेनिल मिथाइलप्रोपियोनल हे लांबलचक नाव शोधावे. लिली ऑफ द व्हॅलीसारखा वास देणारे हे द्रव्य प्रजननाला अपायकारक ठरवून युरोपीय संघाने मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केले आहे. नवी वस्तू गालाला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आली, तर ती वस्तू तेथेच थांबवावी.

आता प्रत्यक्ष दाढी. कोमट पाण्याने चेहरा दोन-तीन मिनिटे भिजवून घ्यावा, कारण केस पाणी शोषून मऊ झाले नाहीत तर सुगंध कितीही उंची असला तरी पाते ओढणारच. बदामाएवढे क्रीम ओल्या ब्रशवर घेऊन ते वाटीत घोळवावे आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. फेस आधी कोरडा आणि बुडबुड्यांचा दिसतो, मग हळूहळू चकाकतो आणि ब्रश उचलल्यावर त्याचे टोक वाकून उभे राहते. त्या क्षणी वाटीतून येणारा वास हाच त्या क्रीमचा खरा वास होय, ट्यूबच्या तोंडाशी येणारा नव्हे. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी सोडून ज्या इमारतींत बोअरवेलचे पाणी येते, तेथे पाणी जड असल्यास साबणाचा फेस धरत नाही आणि वासही दबतो. अशा वेळी जास्त साबण घासण्यापेक्षा पिण्याच्या पाण्याची एक वाटी बाजूला घेणे शहाणपणाचे. तुरटी फिरवायची असेल तर ती दाढी झाल्याबरोबर, गार पाण्यानंतर फिरवावी आणि धुऊन टाकावी, मग सुगंधाचे पाहावे.

दाढीनंतर सर्वांत निर्धोक फुलांचा सुगंध म्हणजे गुलाबपाणी, मात्र ते गुलाबाच्या ऊर्ध्वपातनाचे असावे. घटकांत पाण्यासोबत परफ्यूम आणि रंग लिहिलेले असतील तर ते निव्वळ वासाचे पाणी आहे. स्पिरिट असलेले आफ्टरशेव्ह झोंबते, आणि ते झोंबणे म्हणजेच मर्दानी, ही समजूत सोडलेलीच बरी. कोरड्या त्वचेला त्याने फायदा होत नाही. कनौजचे अत्तर मात्र नुकत्याच दाढी केलेल्या गालावर कधीही लावू नये. ते घट्ट तेल असते आणि पात्याने झालेल्या बारीक ओरखड्यांत चुरचुरते. त्याचा फाया कानात ठेवावा किंवा सदऱ्याच्या आतल्या शिवणीवर टोक टेकवावे.

ऋतूचा विचार इथे फार उपयोगी पडतो. एप्रिल-मे महिन्यांत घामात मिसळलेला मोगरा डोके उठवतो. तेव्हा गुलाबपाणी, जिरेनियम किंवा वाळा बरा. निफाडकडचा गारठा शहरात उतरला की चंदनावर बसवलेला गुलाब, कार्नेशन आणि लव्हेंडर खुलून येतात, आणि तेव्हाच हातभर अधिक धीट व्हायला हरकत नाही. पावसाळ्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

चारचौघांतील प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. हात लांब केल्यावर जेथे बोटे पोहोचतात, त्यापलीकडे आपला वास जाऊ नये. स्वतःचे नाक थोड्याच वेळात सरावते, त्यामुळे तासाभराने घरातील कोणाला तरी विचारून घ्यावे. कचेरीत कोणी चेष्टा केलीच, तर त्याच्या टेबलाच्या खणातील आफ्टरशेव्ह मागवून त्यावरचे घटक मोठ्याने वाचून दाखवावेत. लिनालूल आणि जिरॅनिऑल त्यातही निघण्याचीच शक्यता जास्त. नेहमीच्या सलूनमध्ये स्वतःची ट्यूब नेऊन त्याच क्रीमने दाढी करायला सांगण्यात संकोच बाळगू नये. कारागिराला बहुधा त्याचे काही वाटत नाही, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मात्र एकदा तरी मान वळवतो.

पहिल्या खेपेस मोठा डबा घेण्याऐवजी छोटी ट्यूब घ्यावी. साबणाची वडी असेल, तर ती वापरानंतर पाणी निथळू देऊन न्हाणीघराबाहेर, उन्हापासून दूर ठेवावी. ओल आणि ऊन लागले की साबण टिकला तरी त्यातील फुलांचा वास आधी उडतो.