वर्ल्ड गोल्फ टूरमधील अप्रोच शॉट : झेंड्याऐवजी चेंडू पडण्याच्या जागेचा हिशेब

2008 पासून ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या ‘वर्ल्ड गोल्फ टूर’ या गेममध्ये टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, लांब फटका मारणे थोड्याच सरावाने जमते. स्ट्रोक (फटके) वाया जातात ते मुख्यतः ग्रीनकडे, म्हणजे झेंडा रोवलेल्या होलभोवतीच्या गुळगुळीत गवताकडे, मारलेल्या दुसऱ्या फटक्यात; यालाच अप्रोच शॉट म्हणतात. पडद्यावर दिसणारे अंतर झेंड्यापर्यंतचे असते आणि बहुतेक खेळाडू तेवढ्याच अंतराचा क्लब (चेंडू मारायची काठी) उचलतात. चेंडूला मात्र झेंड्याच्या अलीकडे पडून उरलेले अंतर घरंगळत जायचे असते. म्हणून चेंडू कुठे पडायला हवा हे आधी ठरवावे आणि क्लबचा विचार त्यानंतरच करावा.

समजा, झेंडा 150 यार्डांवर आहे, समोरून ताशी 12 मैलांचा वारा आहे आणि ग्रीन चेंडूपेक्षा 9 फूट खाली आहे. समोरच्या वाऱ्यासाठी ताशी प्रत्येक मैलामागे अंतराचा सुमारे एक टक्का वाढवावा, म्हणजे येथे 18 यार्ड वाढले. उतारासाठी 3 फुटांमागे एक यार्ड वजा करावा, म्हणजे 3 यार्ड कमी झाले. हिशेब 165 यार्डांवर आला. चेंडू पडल्यावर साधारण 4 यार्ड घरंगळेल असे धरले, तर फटका 161 यार्डांचा हवा. पिशवीत 160 आणि 170 यार्डांचे आयर्न (धातूच्या पात्याचे क्लब) असतील, तर 170 यार्डांचे घेऊन सुमारे 95 टक्के जोर लावावा. लहान क्लब पूर्ण ताकदीने मारला की चुकीला जागाच उरत नाही. वारा पाठीमागून असेल, तर त्याचा फायदा समोरच्या वाऱ्याच्या तोट्याएवढा मिळत नाही. साधारण अर्धा टक्काच धरावा. वारा तिरपा, म्हणजे 45 अंशांतून येत असेल, तर त्याच्या वेगाचा सुमारे सत्तर टक्के भाग लांबीसाठी आणि तेवढाच भाग दिशेसाठी मोजावा.

हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. चेंडूचा प्रकार, क्लब आणि फटक्याची उंची बदलली की तेही बदलतात, त्यामुळे एकच क्लब घेऊन वेगवेगळ्या वाऱ्यांत सराव करावा आणि निकाल वहीत टिपून ठेवावेत. वहीचा कंटाळा करणारे खेळाडू वर्षानुवर्षे अंदाजपंचेच मारत राहतात.

चेंडू रफमध्ये, म्हणजे बाजूच्या उंच गवतात, असेल, तर गेम जोर किती टक्क्यांनी घटेल याची मर्यादा दाखवतो. ती 10 ते 15 टक्के असल्यास मधला आकडा धरून 161 यार्डांसाठी सुमारे 184 यार्डांचा फटका योजावा लागतो. रफमधून बॅकस्पिनवरही, म्हणजे चेंडू पडल्यावर थांबवणाऱ्या उलट्या फिरकीवरही, फारसे विसंबू नये. फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून) बॅकस्पिन उपयोगी पडते खरे, परंतु त्याने हवेतले अंतरही घटते. ते आधी हिशेबात धरले नाही, तर चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो.

मीटरचे, म्हणजे फटका मारताना पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीचे, तंत्र थोडक्यात सांगता येते. जोर ठरवल्यावर पट्टी परत येत असताना खुणेवर नेमके क्लिक करावे लागते; क्लिक आधी किंवा उशिरा झाले की चेंडू बाजूला सरकतो. मीटर संथ चालवणारे चेंडू महाग असतात, पण आधी पैसे तेथे घालावेत आणि लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचा (टीवरून मारायच्या क्लबचा) मोह नंतरसाठी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर प्रश्न उरतो तो ग्रीनच्या उताराचा. वेगवान ग्रीनवर उतरत्या बाजूचा पाच फुटांचा पट (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका) देखील होलच्या बराच पुढे निघून जाऊ शकतो, तर चढत्या बाजूचा दहा फुटांचा पट निर्धास्त मारता येतो. म्हणून चेंडू झेंड्याच्या जवळ राहण्यापेक्षा झेंड्याच्या खालच्या बाजूला राहणे अधिक फायद्याचे असते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावरील सतरावा होल, म्हणजेच प्रसिद्ध ‘रोड होल’, हे याचे उत्तम उदाहरण आहे. पार 4 च्या, म्हणजे चार फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या, या होलचे ग्रीन अरुंद आणि तिरपे आहे. त्याच्या पोटाशी खोल बंकर आहे आणि पलीकडे रस्ता. झेंडा बंकरच्या मागे असेल, तर थेट त्याच्यावर नेम धरू नये. ग्रीनच्या पुढच्या, उजव्या भागात चेंडू थांबेल असा फटका मारावा आणि लांबचा पट स्वीकारून दोन पटांत पार साधावा.