राजहंसगडाच्या उतारावरून चालायचं तर

बेळगावातून येळ्ळूरमार्गे गाडी थेट राजहंसगडाच्या दारापर्यंत जाते. त्यामुळे बहुतेक जण सिद्धेश्वराचं दर्शन घेतात, २०२३ मध्ये अनावरण झालेल्या शिवरायांच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि परततात. उतारावरचं गवत बघायचं तर गाडी पायथ्याशीच ठेवा आणि पाऊलवाटेने चढा.

महिना गवत बघून निवडा. जुलैत धुकं असतं आणि शेवाळलेल्या दगडावर चांगला बूटसुद्धा घसरतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा खरा हंगाम. तेरडा, सोनकी, कवळा, सगळं तेव्हाच फुलतं. तेरड्याची पिकलेली शेंग चिमटीत हलकेच दाबा, फटकन उकलून बिया उडतात.

ऑक्टोबरपासून कुसळांचं राज्य. कुसळाचं टोक सुईसारखं, त्यामागे उलटे वळलेले बारीक केस आणि शेवटी लांब पिळदार शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. या फिरण्यानेच बी कापडात खोल शिरतं. मागे ओढलं तर केस अडतात आणि टोक मोडून आतच राहतं. म्हणून ते टोकाच्या बाजूने, पुढे ओढून काढा. लोकरी मोजे अजिबात नकोत. गुळगुळीत कापडाची फुल पँट मोज्यांवरून खाली सोडा. कुत्रा बरोबर असेल तर परतल्यावर त्याचे कान आणि बोटांच्या बेचक्या तपासा.

उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर तिची अंडी जवळच जमिनीवर आहेत. ती खड्यांच्या रंगाची असल्याने दिसत नाहीत, पायाखाली मात्र येतात. आल्या वाटेनेच मागे फिरा.

वळवाच्या दिवसांत दुपारी दोनच्या आत उतरायला लागा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा; तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरा. तीसच्या आत ऐकू आला तर लगेच खाली. एकट्या झाडाखाली थांबू नका.

वाळलेलं गवत ही कुणाची तरी वर्षभराची वैरण असते. ते तुडवत नव्या वाटा पाडू नका. विडी-सिगारेट तर गाडीतच ठेवा. फेब्रुवारीनंतर एका ठिणगीने अख्खा उतार जळतो. उभ्या गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटा, साप सहसा बाजूला होतात; घोणस मात्र बऱ्याचदा जागची हलत नाही.

घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत गोचीड बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल किंवा काडीचा चटका नको. नंतरच्या दिवसांत ताप आला तर गोचीड चावल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.