खातं तिच्या नावावर, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर: महिलांच्या डिजिटल प्रशिक्षणात या चुका टाळा

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगातले ७० टक्के पुरुष आणि ६५ टक्के स्त्रिया इंटरनेट वापरत होत्या. पण फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो, हे या आकड्यांतून कळत नाही. आणि उपक्रम फसतात ते नेमके तिथेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घाईघाईत खाती उघडणं. वर्ग संपायला आला की घरातला हाताशी असेल तो नंबर टाकला जातो, रिकव्हरी ईमेल प्रशिक्षकाचा किंवा मुलाचा. पुढे शिकून गेलेली बाई एकटी लॉगिन करायला बसते, ओटीपी जातो बाहेर गेलेल्या नवऱ्याच्या फोनवर. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. दोनतीनदा असं झालं की ती नाद सोडते, आणि अहवालात लिहिलं जातं ‘महिलांना रस नाही’.

म्हणून खातं उघडण्याआधी तीन गोष्टी विचारा: सिम कुणाच्या नावावर आहे? फोन दिवसातले किती तास तिच्या हातात असतो? नंबर बंद पडला तर खातं परत कसं मिळवणार? वापरात नसलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते. मग तिचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

फोन सामायिक असेल, तर लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा आणि पैशांच्या ॲपला वेगळा पिन ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहा. अनोळखी संगणक जोडलेला असेल तर तिचे मेसेज तिकडेही वाचले जात असतात. मात्र हे बदल तिला न विचारता करू नका. फोनला अचानक कुलूप लागलं की काही घरांत संशय आणि मारहाण सुरू होते. धोका कुठे आहे, हे तिलाच जास्त कळतं.

विक्रीसाठी खासगी नंबर जाहीर करणं ही पुढची चूक. ऑर्डरपेक्षा रात्रीचे फोनच जास्त येतात. धंद्याला वेगळा नंबर घ्या, व्हॉट्सॲपवर प्रोफाइल फोटो फक्त संपर्कातल्यांना दिसेल असा ठेवा, तिथल्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा. ग्राहक ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणाला तर तिथेच थांबायचं, हे वर्गात दहादा घोकून घ्या.

वेळेबद्दल काय सांगायचं! संध्याकाळी सहाचा वर्ग ठेवून हजेरी नाही म्हणून कुरकुरणारे आयोजक अजूनही भेटतात.

राहिली पाहणी. ‘घरात स्मार्टफोन आहे का?’ याचं उत्तर कुटुंबप्रमुख ‘हो’ म्हणून देतो आणि पाचही जण ऑनलाइन धरले जातात. प्रश्न तिलाच, एकटीला विचारा: गेल्या सात दिवसांत स्वतःच्या हाताने, कुणाला न विचारता, पैसे पाठवले का?