लेबल छापायला टाकण्याआधी या चुका टाळा

"ताई, अगदी यांच्यासारखंच करून द्या," असं म्हणत नव्या उद्योजिका माझ्यासमोर दुसऱ्या कंपनीचं पाकीट ठेवतात. मी लेबलं डिझाइन करते, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका तिथूनच येतात. ते पाकीट जुन्या नियमांचं असू शकतं, आतला माल वेगळा असतो, आणि कधी कधी ते मुळातच चुकलेलं असतं.

दुसरा गैरसमज म्हणजे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना नंबर टाकला की काम झालं. खाद्यपदार्थाला २०२० चे एफएसएसएआयचे लेबलिंग नियम लागतातच, पण निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल हे सगळं वजनमापे खात्याकडे, म्हणजे २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज (पाकीटबंद माल) नियमांत येतं.

एका बचत गटाची शेंगदाणा चटणी माझ्याकडे आली होती. लेबलच्या मजकुरात 'अंदाजे २०० ग्रॅम' लिहिलेलं. मी बरणी काट्यावर ठेवली, भरली बरोबर २०० ग्रॅम. मग रिकामी बरणी झाकणासकट ठेवली, २२ ग्रॅम. म्हणजे गिऱ्हाइकाला चटणी मिळत होती १७८ ग्रॅम. कुणाच्या मनात फसवायचं नव्हतं, तरी ते मापात मारणंच झालं. निव्वळ वजनात बरणी धरायची नाही, आणि 'अंदाजे', 'सुमारे', 'कमीत कमी' असले शब्द वजनाशेजारी चालत नाहीत.

त्याच चटणीत हिंग होता. बाजारातल्या बांधानी, म्हणजे पीठ मिसळून तयार केलेल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे अ‍ॅलर्जीच्या सूचनेत शेंगदाण्याबरोबर गहूही आला पाहिजे. घटकांच्या यादीत फक्त 'हिंग' लिहून भागत नाही. ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) न चालणाऱ्या माणसाला ही एक ओळ आजारपणापासून वाचवते, म्हणून हिंगाच्या डबीवरचं लेबल आधी वाचा.

मुदतीचंही तेच. 'बेस्ट बिफोर सहा महिने' हे वाक्य सर्रास उचललं जातं. आता एक्स्पायरी किंवा यूज बाय तारीख बंधनकारक आहे. बेस्ट बिफोर हवं तर जोडीला. शिवाय ज्यांचे सहा महिने तुम्ही उचललेत, त्यांचा पाऊच नायट्रोजन भरून सील केलेला असेल. तुमची चटणी तुमच्या बरणीत किती टिकते, हे लॅबमध्ये तपासून घ्या.

मराठी लेबलचा मी नेहमी आग्रह धरते. पण बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावाच लागतो. मराठी त्याच्या सोबतीला.

किंमत वाढली म्हणून जुन्या एमआरपीवर नवा स्टिकर चिकटवू नका. कमी केलेल्या किमतीचा स्टिकर चालतो, तोही मूळ एमआरपी न झाकता. करबदलाच्या वेळी सरकार वेगळी सवलत देतं, तेवढाच अपवाद. आणि स्वस्त पडतात म्हणून एकदम पन्नास हजार पाऊच छापू नका. नियम बदलला की उरलेले रद्दीत जातात.

आता गिऱ्हाइकांसाठी. आपण एमआरपी बघतो आणि पाकीट उचलतो. २०२१ च्या दुरुस्तीत ठराविक मालासाठी ठरलेल्या पॅकच्या वजनांची सक्ती गेली, आणि तेव्हाच युनिट सेल प्राइस, म्हणजे दर ग्रॅमला किती पैसे पडतात हे लेबलवर छापणं, आली. किंमत तीच ठेवून २०० ग्रॅमचं पाकीट १८० ग्रॅमचं केलं, तर ते पकडायची जागा हीच. १२० रुपयांना २५० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ४८ पैसे. ९० रुपयांना १८० ग्रॅम म्हणजे ५० पैसे. लहान पाकीट स्वस्त दिसतं, पण पडतं महाग.

पोषणाच्या तक्त्यातही असंच फसायला होतं. आकडे १०० ग्रॅमचे की एका सर्व्हिंगचे, हे आधी बघा. ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगमधलं मीठ वाचून १५० ग्रॅमचं पाकीट संपवलं, तर पोटात पाचपट गेलं.

तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. रिकामं पाकीट मात्र फेकू नका. बॅच नंबर त्याच्यावरच असतो. पाकिटाच्या सगळ्या बाजूंचे फोटो आणि बिल हाताशी ठेवून फोन लावा.