म्यूचा एम झाला तेव्हा

एमएस्सीला आम्ही रिसर्च पेपर खूप वाचले, पण छापून येण्याआधी ते किती जणांच्या हातांखालून जातात हे कुणी शिकवलं नव्हतं. पुण्यातल्या एका कंपनीत कॉपी एडिटर म्हणून लागले, तर आई शेजारच्या काकूंना सांगायची, "ती प्रूफं तपासते." निम्मं तरी खरंच होतं ते. परदेशी प्रकाशकांच्या जर्नल्सचं एडिटिंग, टाइपसेटिंग, एक्सएमएल (मजकुराला संगणकासाठी खुणा लावणं) असं बरंचसं काम पुणे, चेन्नई, पुद्दुचेरी, नोएडा इथल्या ऑफिसांतून होतं. लेखकाला हे सहसा ठाऊक नसतं. त्याच्यापर्यंत आपण पोचतो ते फक्त क्वेरीतून: "तक्ता २ मधली बेरीज जुळत नाही, कृपया तपासा."

पहिले चार-पाच महिने मी खुशीत होते. संदर्भयादी व्हँकुव्हर पद्धतीने, म्हणजे क्रमांकांनी, लावायची, माणसाच्या जीनचं नाव तिरपं आणि त्याच जीनच्या प्रथिनाचं सरळ, हे हातात बसलं होतं. मग औषधशास्त्राचा एक लेख आला. लेखकाने मायक्रोग्रॅममधला म्यू (µ, 'मायक्रो'चं चिन्ह) वर्डमध्ये सिम्बॉल फॉन्ट लावून टाइप केला होता. या फॉन्टची गंमत अशी, की म्यू फक्त डोळ्यांना दिसतो, आत साधा इंग्रजी एम असतो. मी सगळी फाइल निवडली आणि एका झटक्यात टाइम्स फॉन्ट केला. ५० मायक्रोग्रॅमचे ५० मिलिग्रॅम झाले. हजारपट डोस, एकाच तक्त्यात अकरा ठिकाणी!

प्रूफ लेखकाकडे जाऊन 'ठीक आहे' असा शेरा घेऊन परतसुद्धा आलं. लेखक प्रूफ वाचतात यावर फार विसंबू नका. बहुतेक जण आपलं नाव आणि संस्थेचा पत्ता तेवढा नीट बघतात. तीन दिवसांनी दुसऱ्या एका फाइलमध्ये तोच फॉन्ट दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. मॅडमकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "ऑनलाइन गेलाय का?" गेला नव्हता. गेला असता तर इरेटम, म्हणजे चुकीच्या दुरुस्तीची नोट, छापावं लागलं असतं. चूक जर्नलकडून झाली तर इरेटम, लेखकाकडून झाली तर कॉरिजेंडम असा फरक बरीच जर्नल्स करतात, पण नाव काहीही असो, ती नोट त्या लेखाला कायमची चिकटते.

फाइल दुरुस्त झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता गुरुवारी चहाच्या वेळी हे सगळ्यांना सांग." मला वाटलं, ही शिक्षाच. सांगितलं. तर दोघं म्हणाले, आमचंही झालंय हे. तिसऱ्याकडे सिम्बॉल फॉन्टमधली अक्षरं हुडकून पिवळी करणारा मॅक्रो, म्हणजे वर्डमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, होता! दोन वर्षं तो एकटाच वापरत होता, कुणी विचारलं नाही म्हणून.

नव्याने येणाऱ्यांना मी म्हणूनच आधी हे सांगते, की जिथे चूक बोलून दाखवता येते अशी माणसं शोधा. अप्रेझलमध्ये पानं मोजतात. वाचवलेल्या चुका कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, आणि याचा मला अजूनही राग येतो. ऑफिसात अशी माणसं नसली तर बाहेर आहेत. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी एकत्र येऊन कोप (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) सुरू केली. प्रकाशन-नीतीच्या अडचणी तिथे नावं काढून चर्चेला येतात आणि ती प्रकरणं कुणालाही फुकट वाचता येतात. लेखकांच्या यादीत अचानक नवं नाव घुसलं, एकच चित्र दोन पेपरांत सापडलं, तर काय करायचं याचे त्यांचे फ्लोचार्ट मी छापून टेबलाशी लावलेत. विज्ञान-संपादकांच्या संघटनाही आहेत: युरोपात ईझ, अमेरिकेत सीएसई. वर्गणी खिशाला जड वाटली तर आधी त्यांचं मोफत असेल ते वाचा.

जीवशास्त्राकडचे असाल तर दोनेक वर्षं काम केल्यावर बेल्सची, म्हणजे जीवविज्ञान-संपादकांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची, परीक्षा द्या. १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, तीन तास. मी ती पगारवाढीसाठी दिली. वाढ बेताचीच मिळाली, पण अभ्यासाला जमलेला चौघींचा गट अजून टिकून आहे. अप्रकाशित लेख एआय टूलमध्ये टाकू का, हा प्रश्नही आधी तिथेच निघाला. प्रकाशकाच्या परवानगीशिवाय नाही, असं आमचं ठरलं.

या क्षेत्रात आलात की ओळखीचे प्राध्यापक फोन करू लागतात: "जर्नलला आयएसएसएन आहे, म्हणजे चांगलंच ना?" तो नुसता आठ अंकी ओळख क्रमांक, दर्जाशी त्याचा संबंध नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय, की घरचेही आता पाठ म्हणतात. यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून हे फोन वाढलेत.

गुरुवारचा चहा चालू आहे. मागच्या आठवड्यात नवीन मुलगा उभा राहिला, कान लाल. लेखात उणे ८० अंश होतं, त्याने उणे चिन्हाच्या जागी साधा हायफन ठेवला. पान लागताना ओळ नेमकी तिथेच तुटली. हायफन वरच्या ओळीच्या टोकाला राहिला आणि खालची ओळ सुरू झाली ८० अंशांनी.

"म्हणजे रक्ताचे नमुने साठवले नाहीत," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "उकडले!"

तोही हसला, आणि मग वहीत लिहून घेऊ लागला.